दिरंगाईचा बंदोबस्त

ज्या यंत्राचे सारे माहात्म्य वेगावर उभे आहे, त्याच यंत्राविषयी त्याच्या धन्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट तक्रार संथपणाची असावी, हा आधुनिक इतिहासातला एक खासा विनोद म्हटला पाहिजे. लॅपटॉप उघडल्यावर पडद्यावर चक्र फिरत राहते, धनी हताश होऊन ‘फार स्लो झालाय’ असे म्हणतो, आणि मग भाचा, शेजारी, कचेरीतला सहकारी किंवा दुकानातला कारागीर यांपैकी जो कोणी जवळ असेल तो आपापल्या अनुभवानुसार रॅम वाढवण्याचा, फॉरमॅट मारण्याचा, टेंप फायली उडवण्याचा, अथवा निदान चार वेळा रिफ्रेश करण्याचा सल्ला देतो. हे सल्ले ऐकणाऱ्यास मनास येईल तसे दिलेले वाटतात. वस्तुतः त्यांतील प्रत्येकास वंशावळ आहे. संगणकातील दिरंगाईचे ठाणे गेल्या चार दशकांत वारंवार हलले, आणि प्रत्येक मुक्कामी तिच्या बंदोबस्तासाठी जो उपाय निघाला, तो ते ठाणे उठून गेल्यावरही रूढी म्हणून मागे राहिला.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने जो पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यातील इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर सेकंदास ४७ लक्ष ७० हजार स्पंदने देई, आणि मोठा हिशेब मांडला की आकडे फिरून येईपर्यंत माणसास वाट पाहावी लागे, इतके ते पहिले, प्रोसेसरमधले ठाणे उघड होते. त्यावर उपाय एकच, अधिक वेगाचे यंत्र घेणे. परंतु अशी यंत्रे आली तेव्हा एक विलक्षण अडचण उपस्थित झाली. जुने कित्येक खेळ काळाचे मोजमाप त्या मूळ स्पंदनांवरून करीत असल्याने नव्या यंत्रावर ते इतके भरधाव सुटत की खेळणाऱ्याने हात उचलण्यापूर्वीच डाव संपलेला असे. म्हणून कारखानदारांनी पेटीच्या तोंडावर ‘टर्बो’ नावाचे एक बटण बसवले, ज्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होता. नाव वेगाचे आणि काम मंदीचे, ही मखलाशी ज्या विक्रेत्याला सुचली त्याच्या बुद्धीचे कौतुक केले पाहिजे.

त्यानंतरचे ठाणे स्मृतीचे, म्हणजे आपण ज्यास रॅम म्हणतो तिचे. प्रोग्रामला लागणारी जागा रॅममध्ये मावत नसेल तर तिचा काही भाग बाहेरच्या साठ्यावर ठेवून लागेल तेव्हा परत आणावा, ही युक्ती इंग्लंडात मँचेस्टर येथील ॲटलस या संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली होती. आणि ही ने-आण मर्यादेबाहेर गेली तर यंत्र काम करण्याऐवजी केवळ हमाली करीत राहते, हे पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये सप्रमाण दाखवले होते. विंडोज घरोघरी पोहोचल्यावर हीच व्याधी सामान्य गृहस्थाच्या नशिबी आली. प्रोसेसर मोकळा, पण हार्डडिस्कच्या तबकडीचा दिवा अखंड लुकलुकतो आणि आतून कुरकुर ऐकू येते, असे लक्षण दिसले की जाणता कारागीर ‘रॅम कमी पडतेय’ असे निदान करी, आणि ते बहुधा अचूक ठरे. रॅम महाग होती, म्हणून तिच्या नावाने ठकबाजीही झाली. १९९५ साली सिन्क्रॉनिस नावाच्या अमेरिकन कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ हे सॉफ्टवेअर विकायला काढले; ते टाकले की नवी रॅम न घेता रॅम दुप्पट होते, असा तिचा दावा होता. लाखो लोकांनी ते घेतले, आणि जाणकारांनी उकलून पाहिले तेव्हा त्या दाव्यासारखे काहीच त्यात घडत नसल्याचे उघड झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९९६ मध्ये त्यात हात घालावा लागला. ‘एका टिचकीत लॅपटॉप वेगवान’ असे आश्वासन देणारी जी जाहिरात आजही पडद्याच्या कोपऱ्यात उगवते, तिचा मूळ पुरुष हाच.

त्याच १९९५ साली निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने, पास्कल या भाषेच्या कर्त्याने, एक छोटा पण कडक लेख लिहिला. त्याचा आशय असा की यंत्रे ज्या त्वरेने वेगवान होतात त्याहून अधिक त्वरेने सॉफ्टवेअर जड होत जाते, सबब वाढलेला वेग वापरणाऱ्याच्या पदरी पडतच नाही. श्रेय त्याने मार्टिन रायझर या आपल्या सहकाऱ्यास दिले, तरी जग त्या नियमास विर्थच्याच नावाने ओळखते. त्याची रुजुवात करणे अवघड नाही. विंडोज ९५ ची किमान मागणी ४ एमबी रॅमची होती, २००१ च्या विंडोज एक्सपीची ६४ एमबीची, आणि २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबीची. म्हणजे सव्वीस वर्षांत हजारपट, आणि त्या हजारपटीने पत्र लिहिण्याचे काम हजारपट लवकर होऊ लागले असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

पण सर्वांत दीर्घ मुक्काम दिरंगाईने केला तो तबकडीत, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक या यंत्रासोबत पहिली हार्डडिस्क आणली, तेव्हा दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांत मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. पुढील अर्धशतकात तबकडी तळहातावर मावू लागली आणि तिची धारणशक्ती लक्षपटींनी वाढली, तथापि ती फिरायची ती फिरतच राहिली. लॅपटॉपमधील सामान्य तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेई. एका फेऱ्यास ११ मिलिसेकंदांहून किंचित अधिक काळ. हवा तो मजकूर वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. आणि शीर्ष धारण करणारा बाहू इष्ट वर्तुळापर्यंत सरकण्यास आणखी सुमारे बारा. ही बेरीज केली म्हणजे ध्यानात येते की विखुरलेले तुकडे ही तबकडी सेकंदास साठसुद्धा वाचू शकत नव्हती, आणि त्या अवधीत सेकंदास अब्जावधी स्पंदने देणारा प्रोसेसर स्वस्थ बसून असे. ज्यांनी तीन-तीन मिनिटे लॅपटॉप सुरू होण्याची वाट पाहिली आहे, त्यांनी या हिशेबाची प्रत्यक्ष किंमत मोजलेली आहे.

तुकडे विखुरत का, हेही पाहण्यासारखे आहे. डॉसच्या पद्धतीत नवी फाइल जिथे रिकामी जागा दिसेल तिथे भरली जाई. जुन्या फायली पुसल्या जात, त्यांच्या जागी लहान-मोठी भोके पडत, आणि मोठ्या फाइलची त्या भोकांतून वाटणी होई. पेशवे दप्तरातील एकाच प्रकरणाचे कागद वीस निरनिराळ्या रुमालांत बांधले गेले तर कारकुनास जो फेरा पडेल, तोच बाहूस पडे. पीटर नॉर्टन या अमेरिकन गृहस्थाने १९८२ पासून आपल्या नावाने जी उपयुक्त साधने विकली, त्यांत पुढे हे तुकडे पुन्हा सलग मांडणारे साधनही आले. त्याची कंपनी १९९० मध्ये सिमँटेकने घेतली, आणि १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडूनच घेतलेले डीफ्रॅग समाविष्ट केले. विंडोज ९५ आणि ९८ मधील त्याचा तपशीलवार देखावा ज्यांनी पाहिला ते तो विसरणे शक्य नाही. पडदाभर बारीक रंगीत चौकोन, त्यांतील एकेक उचलला जाऊन दुसरीकडे बसत आहे, टक्का अत्यंत सावकाश सरकत आहे. आणि मध्येच एखाद्या प्रोग्रामने तबकडीवर चार अक्षरे लिहिली की सारे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून जाणते लोक आधी स्क्रीनसेव्हर बंद करीत, रात्री डीफ्रॅग लावीत आणि घरातल्यांस हात लावू नका अशी ताकीद देऊन निजत. यंत्राच्या संथपणावर इतका संथ उपाय दुसरा झाला नसेल. पण तो खरा उपाय होता.

आपल्याकडे दुरुस्तीची ही विद्या पसरली ती बाजारपेठांतून. १९८४ च्या नोव्हेंबरमधील केंद्र सरकारच्या संगणक धोरणाने आयातीची वाट सैल केली, आणि १९९७ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारान्वये सुट्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने उठली. मुंबईत १९०३ ते १९०७ या काळात गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांचे नाव धारण करणारा रस्ता सरकारदरबारी आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला असला, तरी ग्रँट रोड स्टेशनातून उतरणारा गिऱ्हाईक अद्याप लॅमिंग्टन रोडच विचारतो. पूर्वी सिनेमागृहे आणि रेडिओचे सुटे भाग यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या पेठेत रॅमच्या पट्ट्यांचे भाव पुढे भाजीच्या भावासारखे दिवसागणिक बदलू लागले. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीसारख्या भागांत विजेच्या सामानाशेजारी हाच व्यवहार फोफावला. दुरुस्तीच्या या धंद्यातून काय उभे राहू शकते, याचा दाखला पुण्यातच आहे: सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीत पाऊल टाकले, गिऱ्हाइकांच्या यंत्रांत वारंवार आढळणाऱ्या व्हायरसवर बंधू संजय यांनी उतारा लिहिला, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी झाली.

या पेठांतील कारागिरांनी एक पद्धत रूढ केली, जिची नोंद कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडणार नाही. नवे यंत्र आले की ते तबकडीचे सी, डी आणि क्वचित ई असे भाग पाडीत. विंडोज सी मध्ये, गिऱ्हाइकाचे फोटो, हिशेब आणि गाणी डी मध्ये. वर्ष-दीड वर्षाने यंत्रात नको ते प्रोग्राम साचले, सुरू होतानाच दहा-वीस उपटसुंभ जागे होऊ लागले की ‘सी फॉरमॅट मारतो, डी ला हात लावत नाही’ अशी खातरजमा देऊन तासाभरात नवे विंडोज बसवले जाई. त्यात एक अनायास लाभही होता. फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या कडेस वर्तुळे मोठी असल्याने एका फेऱ्यात तिथे अधिक मजकूर वाचून होतो, आणि पहिला भाग, अर्थात सी, तिथेच पडत असे. गिऱ्हाइकास यातले काही ठाऊक नसे, कारागिरांपैकी फार थोड्यांस असे, पण यंत्र पळे.

याच काळात काही निव्वळ कर्मकांडेही रुजली. डेस्कटॉपवर माउसचे उजवे बटण दाबून रिफ्रेश करणे हे त्यांतील अग्रगण्य. फ्लॉपीच्या आणि जुन्या नेटवर्कच्या दिवसांत यादी आपोआप ताजी होत नसे, तेव्हा त्यास अर्थ होता. त्याने चित्रे पुन्हा रेखली जातात, यापलीकडे स्मृतीचा कण मोकळा होत नाही. तरीही कित्येक सुशिक्षित माणसे यंत्र सुरू होताच पाच-सात रिफ्रेश उरकल्यावाचून कामाला हात घालीत नाहीत. दुसरे कर्मकांड अधिक मौजेचे. विंडोज एक्सपीने ‘प्रीफेच’ नावाचा एक फोल्डर निर्माण केला, ज्यात कोणता प्रोग्राम सुरू होताना तबकडीवरचे कोणते तुकडे लागतात याची टिपणे राहतात, जेणेकरून पुढच्या वेळी ते आधीच आणून ठेवता यावेत. वेगासाठी मुद्दाम केलेली ही तजवीज ‘कचरा’ समजून श्रद्धेने पुसण्याचा परिपाठ आजतागायत चालू आहे, आणि पुसल्यावर पुढच्या खेपेस प्रोग्राम थोडा उशिराच उघडतो.

तबकडीतले ठाणे अखेर उठवले ते फ्लॅश स्मृतीने. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिचा शोध लावला, पण लॅपटॉपच्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत ती पोहोचण्यास दोन दशके लागली. २००६ मध्ये सॅमसंगने ३२ जीबीची एसएसडी, म्हणजे तबकडीच्या जागी बसणारा फ्लॅशचा साठा, असलेले संगणक विक्रीस काढले, आणि २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये ६४ जीबीची एसएसडी हवी असल्यास हजार डॉलरच्या जवळपास जास्त मोजावे लागत. तिच्यात फिरणारे काहीच नसल्याने बाहू सरकण्याचा आणि अर्ध्या फेऱ्याचा प्रश्न मिटला. सतरा मिलिसेकंदांचे काम एका मिलिसेकंदाच्या दशांशाएवढ्या काळात होऊ लागले. डीफ्रॅगची सद्दी त्या क्षणी संपली. किंबहुना फ्लॅशच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येत असल्याने तो उपाय आता अपाय ठरला, आणि २००९ च्या विंडोज ७ ने एसएसडी ओळखून आपले नियमित डीफ्रॅग स्वतःच स्थगित ठेवले.

भाव उतरले तसा हा उपाय तापकीर गल्लीपर्यंत आला, आणि तिथे त्यास एक देशी काटकसरीचे रूप लाभले. कारागीर लॅपटॉप पालथा घालून जुनी तबकडी काढतो, तिच्या जागी एसएसडी बसवतो; डीव्हीडीचा खण, जो कोणी वर्षानुवर्षे उघडलेला नसतो, तो ओढून काढून ‘कॅडी’ नावाच्या पत्र्याच्या चौकटीत तीच जुनी तबकडी घालून तिथे सरकवतो. पूर्वीचा सी आता एसएसडीवर आणि डी त्या कॅडीत, अशी जुनी वाटणी नव्या घरात नांदते. झाकण लावण्यापूर्वी तो पंख्यावरची धूळ ब्रशने झाडतो आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावतो. ते निव्वळ टापटिपीसाठी नव्हे. तापमान मर्यादेपलीकडे गेले की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि मे महिन्यात विदर्भात चुलीजवळच्या खोलीत चालणाऱ्या लॅपटॉपास हा दंड वारंवार भरावा लागतो.

या कारागिरीचे क्षेत्र मात्र संकोचत चालले आहे. पातळपणाच्या हौसेने अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवरच डाखलेली असते, तेव्हा पट्टी वाढवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि दुकानदाराचा पहिला सवाल आता ‘मॉडेल कुठलं? रॅम सोल्डर केलेली आहे का?’ असा असतो. शिवाय एक नवीच अडवणूक आली आहे, जी वेगाशी संबंधितच नाही. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षाचीप आणि सामान्यतः २०१७ नंतरचा प्रोसेसर मागते, आणि विंडोज १० ची नियमित देखरेख १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. एसएसडी घालून चपळ केलेला २०१४ चा लॅपटॉप वीस सेकंदांत सुरू होतो, पण नव्या फर्मानात त्याचे नाव नाही. अशा यंत्रावर काही कारागीर लिनक्स मिंट बसवून देतात, काही तपासणीस बगल देऊन विंडोज ११ घालतात, आणि काही विंडोज १० तसेच ठेवून बँकेचे व्यवहार यावर करू नका, असे गिऱ्हाइकास बजावतात.