पुठ्ठ्यातलं भोक आणि दिव्याची वात

सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी कितीतरी विणकर कुटुंबं आहेत. ती ज्या मागावर चादर विणतात, त्याला मात्र यातली एकही भाषा येत नाही. त्याला एवढंच कळतं, की पुठ्ठ्याच्या पट्टीवर या जागी भोक आहे की नाही.

ही युक्ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी पक्की केली. मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. १८३९ साली जॅकार्ड यांचंच चित्र रेशमात विणलं गेलं, तेव्हा सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या. चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि आपल्या नियोजित गणकयंत्रात त्याने अशाच पट्ट्या वापरायचं ठरवलं होतं.

मागाला फूल कळत नाही आणि कळायची गरजही नसते. पट्टी बरोबर असली की फूल उमटतं. पट्टी चुकली, तर प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक येते, म्हणून ती सापडते. आम्ही प्रोग्रॅमर आजवर बहुतेक अशाच पट्ट्या लिहीत आलो.

एआय एजंट आले आणि हे बदललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची ही एक सामायिक पद्धत. तिच्यात प्रत्येक टूलला एक नाव असतं, साध्या भाषेत वर्णन असतं आणि कोणती माहिती पुरवायची याचा साचा असतो. टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. तो वर्णन वाचतो आणि कोणतं टूल कधी वापरायचं हे स्वतः ठरवतो.

समजा, चादरींच्या एका ऑनलाइन दुकानात ‘ऑर्डर बंद करा’ नावाचं टूल आहे. वर्णन एका ओळीचं: ‘ऑर्डर बंद करण्यासाठी.’ ग्राहक लिहितो, “लाल चादर नको, निळी पाठवा.” एजंट ‘नको’ वाचतो आणि सगळी ऑर्डरच बंद करतो. त्याने नियम मोडलेला नाही, कारण नियम कुणी लिहिलाच नव्हता.

असं लिखाण कसं असावं, याचा एक जुना नमुना आपल्याकडे आहे. मे १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या काही आठवडे आधी, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीत असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना एक पत्र पाठवलं. ‘शिस्तीने राहा’ एवढ्यावर ते थांबत नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळला तर पुढे काय होईल, हे ते पायरीपायरीने सांगतं: घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरातलं धान्य, लाकूड, भाजी उचलू लागतील, रयत परागंदा होईल आणि तिला हे लोक मोगलांहून वाईट वाटतील. म्हणून जे हवं ते बाजारातून पैसे देऊन घ्यावं. रात्री घरात दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, हेही त्यात आहे.

उंदराचा उल्लेख मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नुसतं ‘दिवा विझवा’ म्हटलं असतं, तर चिलमीच्या ठिणगीकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. गंजी पेटण्याची भीती सांगितली, की पत्रात नसलेला धोकाही वाचणाऱ्याला ओळखता येतो. खरं तर पत्रात चुली, तंबाखूसाठी घेतलेली आग आणि दिवे हे तिन्ही आले आहेत.

याच रीतीने आपलं टूल पुन्हा लिहून पाहू. ‘ग्राहकाने पूर्ण ऑर्डर रद्द करायला स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरा. रंग किंवा माप बदलायचं असेल तर “ऑर्डर बदला” वापरा. बंद केलेली ऑर्डर परत चालू होत नाही, म्हणून शंका असेल तर आधी ग्राहकाला विचारा. ऑर्डर क्रमांक द्या, मोबाइल नंबर नव्हे. माल गोदामातून निघाला असेल तर हे टूल चालणार नाही. तसं ग्राहकाला कळवा.’ काम काय, कधी करायचं, कधी नाही, कशाची गरज आणि चुकलं तर काय, हे सगळं पाच-सहा वाक्यांत बसतं.

मात्र पत्र लिहून काम संपत नाही, हे पत्र लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. अंमलदारांनी स्वतः फिरत राहावं, रोजच्या रोज खबर घ्यावी, असंही त्यात बजावलं आहे. मागावरची चूक प्रत्येक चादरीत दिसते. एजंटची चूक शंभरातल्या एखाद्याच ग्राहकाला भोवते आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून एजंटने कोणतं टूल का उचललं याची नोंद रोज वाचावी लागते. एखादी ऑर्डर चुकून बंद झालेली दिसली, की वर्णनात एक वाक्य वाढवायचं. आणि जे कधीच होऊ नये, ते कोडमध्येच अडवायचं. तिथे अजूनही पुठ्ठ्याची पट्टीच बरी.