छोटी सेडान : नोंदणी आणि इंधनबचत

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर येथील नव्या मोटारीची नोंदणी अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात ‘एमएच ४५’ या मालिकेत होते. नोंदणी १५ वर्षे वैध असते. तृतीय पक्ष विमा ३ वर्षांचा बंधनकारक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच असल्यास वेळेत नूतनीकरण करावे.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची उष्माशक्ती पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे मायलेज थोडे घटते. गाडी ‘ई२०’ला अनुकूल आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे पुरेसे अंतर राखावे. वारंवार ब्रेक लावण्याने इंधन वाया जाते. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडताच आधुनिक इंजिन इंधनपुरवठा थांबवते, शिवाय गाडीवर ताबाही राहतो. टायरमधील हवा थंड असतानाच तपासावी.