डोकं दुखतं, मूळ जबड्यात
मंडळी, आज आंबवड्यात एका जुन्या प्रश्नाचा इतिहास पाहू. सुश्रुतानं जबडा निखळणं, म्हणजे हनुमोक्ष, दंतरोगांत धरलं. डोकेदुखीचे ११ प्रकार मात्र उत्तरतंत्रात वेगळे सांगितले. १९३४ साली अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी पडलेल्या दाढा, जबड्याचा सांधा, कानदुखी आणि डोकेदुखी यांची सांगड घातली. सांधा मज्जातंतूंवर दाबतो, हे त्यांचं स्पष्टीकरण पुढं टिकलं नाही. निरीक्षण मात्र उरलं : दात, जबडा, कपाळ यांची संवेदना एकच मज्जातंतू नेतो आणि चावण्याचे स्नायू ताणले की कानशिलं ठणकतात. बघा, कारण चुकलं म्हणून वेदना खोटी ठरत नाही. डोकं सारखं दुखत असेल, तर चावतानाही दुखतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.