जयगडची खाडी : व्यापार कुणाचा, ओझे कुणाचे?

जयगडच्या किल्ल्यात जयबाचे स्थान आहे. तट बांधताना पुन्हा पुन्हा ढासळत होता. तेव्हा जयबा नावाच्या एका महार पोराने स्वखुशीने स्वतःला पायात गाडून घेतले आणि मग तट उभा राहिला, अशी दंतकथा आहे. गडाला नावही त्याचेच मिळाले म्हणतात. यातला ‘स्वखुशीने’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने तपासून घ्यावा. गावगाड्यात महाराची स्वखुशी म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. दंतकथा खरी की खोटी, हा माझा प्रश्न नाही. बंदराचे रक्षण करणारा तट कुणाच्या देहावर उभा आहे, एवढे भान तिला आहे. बंदरांच्या व्यापाराचा जो इतिहास आम्ही महाविद्यालयांतून शिकवतो, त्याला ते नाही.

विजापूरकरांच्या अमदानीत, सोळाव्या शतकात, शास्त्री नदीच्या मुखावर हा गड उभा राहिला. खाडीतून आत गेले की संगमेश्वर. पूर्वी मोठी गलबते भरतीच्या पाण्याबरोबर पार वर जात. जून १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि इथून पुढे जयगडचा बाजार म्हणजे मुंबईचा बाजार झाला. मुंबई वाढत होती. तिला इमारती लाकूड हवे होते, जळण हवे होते, माणसे हवी होती. कोकणाने तिन्ही दिली.

लाकडाची गोष्ट आधी. १८२४ मध्ये रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून साग वगैरे झाडांवरील सरकारचा हक्क सोडून दिला. झाडे रयतेची झाली, असा त्याचा कागदावरचा अर्थ. पण जिथे गावच खोताचे, तिथे झाडे कुणाची होणार? डोंगर उघडे पडत गेले आणि लाकूड गलबतांत चढले. उघड्या डोंगरावर नांगर घातला तो कुळाने. खालची भाताची मळी जमीन त्याच्या वाट्याला येत नव्हती. वरकस उतारावर नाचणी-वरी पेरून पोट जाळणे एवढेच हातात होते. पावसाळ्यात ती माती वाहून खाडीत आली. खाडी गाळाने भरली, मोठ्या गलबतांना संगमेश्वर गाठेना, धक्के खाली सरकले. गरिबाने डोंगर खरवडला म्हणून खाडी बुजली, असा निवाडा आजही ऐकू येतो. गरिबाला डोंगरावर कुणी चढवले, हे विचारल्याशिवाय तो निवाडा अर्धाच राहतो.

मग माणसे. आगबोटी सुरू झाल्या तेव्हा जयगड हा त्यांचा ठरलेला थांबा होता. खाडीकाठच्या वाड्यांतून माणसे होडीने खाली येत, पडावातून आगबोटीवर चढत आणि मुंबईला उतरत. पावसाळ्यात ही वाट बंद. पलटणीचा रस्ताही काही काळ होता. तो १८९२-९३ च्या सुमारास महारांना बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४ चा अर्ज त्याच दुःखातून निघाला. उरली गिरणी. बाजार जात मोडतो, असे आमचे अर्थशास्त्राचे सहकारी सांगत असतात. मुंबईच्या गिरणीत विणकाम खात्याला पगार अधिक होता, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्यांना त्या खात्याची दारे बंद. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला, तो या अनुभवावर. आगबोटीच्या फळीवर सगळ्यांचे पाय पडले. यंत्रावर मात्र जात आधी पोहोचली होती.

गावात मनीऑर्डर येऊ लागली. तिचा मोठा हिस्सा खोताच्या मक्त्यात जाई. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत आणले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. त्यातही कागदावर कूळ म्हणून नाव असेल त्याला जमीन. ज्याने तोंडी कराराने किंवा मजुरीवर राबून आयुष्य काढले, तो तसाच राहिला.

सातबाऱ्यावर नसलेले हे नाव साठ वर्षांनी पुन्हा आडवे आले. २००९ मध्ये जयगडला नवे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले. २०१० पासून शेजारी १२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र टप्प्याटप्प्याने चालू झाले. कोळसा समुद्रापलीकडचा, इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिकेचा. भारत आणि आसियान देशांचा मालाच्या मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, तोही याच सुमारास. त्याच वर्षी इंडोनेशियाने निर्यातीच्या कोळशाची किंमत जागतिक दराशी बांधली आणि आयात कोळशावरची भारतातली वीजकेंद्रे अडचणीत आली. जाकार्तातल्या निर्णयाचा हिशेब आता कोकणातल्या विजेला द्यावा लागतो.

हापूसच्या मोहोरावर धुराचा काय परिणाम होईल, हा प्रश्न बागायतदारांनी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत नेला. ते योग्यच केले. हापूस हेही जगाच्या बाजाराला बांधलेले पीक. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने आंब्याची आयात थांबवली तेव्हा त्याचा धक्का रत्नागिरीला बसला. पण बागायतदाराला न्यायालय आहे, कारण त्याच्याकडे बाग आहे. बागेत पेट्या भरणाऱ्याकडे, ओहोटीच्या चिखलात तिसऱ्या आणि कालवे वेचणाऱ्या बाईकडे दाखवायला काय आहे? १८९४ च्या भूसंपादन कायद्याला जमिनीचा मालक दिसत होता, जमिनीवरचा मजूर दिसत नव्हता. २०१३ च्या कायद्याने शेतमजुराच्या कुटुंबालाही बाधित मानले. तोवर जयगडची चिमणी उभी राहून धूर सोडू लागली होती. शिवाय जमीन खाजगी खरेदीने गेली, की मजुराचा प्रश्न बहुधा दप्तरात येतच नाही.

नोकऱ्या मिळाल्या, हे नाकारू नये. रस्ते रुंद झाले, दुकाने वाढली. कायम कोण आणि कंत्राटी कोण, कोळशाच्या धुळीत कोण आणि खिडकीआड कोण, याची वाडीवार नोंद आमच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी. गावोगाव फिरायचे, विचारायचे, लिहून घ्यायचे. इतिहासाचे साधन म्हणून मोडी दप्तराइतकीच ती मोलाची ठरेल. तिच्यात १२ डिसेंबर २०२४ ची तारीखही घालावी. त्या दिवशी जयगडच्या माध्यमिक शाळेतल्या मुलांना वर्गातच वायूचा त्रास झाला. त्यांना उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. ते रत्नागिरीला आहे. जयगडहून चाळीसेक किलोमीटर.