हरिपूरची पेवे

वर्षाच्या बाजारहाटीत आम्हां बायकांना हळदीवाचून चालत नाही. तिखट एकवेळ शेजारणीकडून उसने येईल. पण हळदीकुंकवाची हळद उसनी मागायची कशी? म्हणून आपल्या साताऱ्या-सांगलीच्या पेठांविषयी लिहावयाचे तर हळदीविषयीच लिहावे, असे मी ठरविले.

सातारा ही राजधानीची पेठ. 1708 साली शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वाढले. मंगळवार, गुरुवार, शनिवार ही वारांची नावे तेथील पेठा अजून मिरवीत आहेत. राजवाड्याकडे गेलेली बाई कंदी पेढे घेतल्यावाचून परतत नाही, हेही खरे. परंतु वाईकडच्या मळ्यांतली हळद मोठ्या व्यापारासाठी निघाली, की कृष्णेच्या वाटेने खाली सांगलीस येते.

सांगली तशी धाकटी. 1801 साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले व त्यांनी येथे राजधानी केली. गणपती पेठ पुढे नावारूपाला आली. कर्नाटकातली, तेलंगणातलीही हळद या बाजारात येऊ लागली. दूरदूरचा माल याच गावी का यावा? याचे निदान अर्धे उत्तर जवळच्या हरिपुरात, जमिनीच्या पोटात आहे.

कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर आपल्याला ठाऊक असते ते संगमेश्वरामुळे, नाहीतर 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव म्हणून. पण तेथली माती अशी घट्ट, की तिच्यात पेवे खणता येतात. तोंड अरुंद, पोट रुंद, कित्येक हात खोल. तळाला व कडेने पाला-गवताचे अस्तर लावायचे, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. भाव पडला तर थांबता येते, हे व्यापाऱ्याला केवढे बळ! पेव उघडल्यावर मात्र लगेच उतरायचे नाही. तोंड काही वेळ मोकळे ठेवून आत कंदील सोडायचा. तो विझला तर माणसाचाही जीव जाणार, हे ओळखायचे. 'पेव फुटले' असे आपण उठल्यासुटल्या बोलतो. पेव पाहिलेल्या आपल्यात किती?

2005 च्या महापुरात यांतली बरीच पेवे पाण्याखाली गेली. माल आता गोदामांत आणि शीतगृहांत राहतो. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. पण पेठ कोणी वसविली हे जसे लिहिलेले सापडते, तसे अस्तर कोणी लावले, हळकुंडे कोणी निवडली, हे सापडत नाही. आणि निवडण्याचे काम तर बहुतेक बायकांचेच.

मंडळाची सहल संगमेश्वराला निघालीच, तर दर्शनानंतर गावात थोडे थांबावे. पेव भरलेला कोणी जाणता म्हातारा किंवा हळद निवडलेली आजी भेटली, तर अस्तर कसे बसवीत, दिवसाची मजुरी काय मिळे, हे विचारून वहीत उतरवून घ्यावे. वही मी आणीन.