वगळलेले तिसरे प्रकरण

डॅनिएल पाउल श्रेबर हा सॅक्सनीतला न्यायाधीश. १८९३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात त्याला मोठे पद मिळाले आणि काही आठवड्यांतच तो मनोरुग्णालयात दाखल झाला. पुढे स्वतःच्या सुटकेचा दावा स्वतःच लढवून १९०२ मध्ये तो जिंकला आणि १९०३ मध्ये त्याने आपल्या आठवणी छापल्या.

मी डॉक्टर नाही. जुने छापील कागद वाचणे एवढाच माझा उद्योग. त्या नजरेने हे पुस्तक वाचताना लक्षात राहतात ते देवाने त्याच्या शरीरावर केलेले ‘चमत्कार’. छाती इतकी आवळली जाते, की श्वास कोंडतो. डोके दोन्हीकडून स्क्रू पिळून दाबले जाते. स्वस्थ बसूही दिले जात नाही.

श्रेबरला कधीही न भेटता, केवळ या पुस्तकावरून फ्रॉइडने १९११ मध्ये निबंध लिहिला. वडिलांविषयीची दडपलेली समलिंगी ओढ हे आजाराचे मूळ, असे त्याचे निदान. वडील मोरित्झ श्रेबर हे लाइपझिगचे नामांकित डॉक्टर. त्यांच्या व्यायामपद्धतीची कीर्ती फ्रॉइड सांगतो. पण मुलांना कसे वाढवावे यावर त्यांनी १८५८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाकडे तो वळत नाही.

तो ग्रंथ उघडला विल्यम नीडरलँड यांनी, १९५९ मध्ये. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मनांवर पुढे मोलाचे काम केले, तेच हे मनोविश्लेषक. ग्रंथात चित्रे आहेत. लिहिताना मूल वाकले की गळ्याखालच्या हाडांना टोचणारा, टेबलाला बसवलेला लोखंडी दांडा. मान झुकली की केस ओढणारा पट्टा. झोपेत कूस बदलू न देणारे बंद. मुलाच्या ‘चमत्कारां’शी त्यांचे साम्य पाहून अंगावर काटा येतो. थोरला भाऊ गुस्ताव, त्याच घरात वाढलेला. त्याने १८७७ मध्ये गोळी झाडून आत्महत्या केली.

हान इस्राएल्स, झ्वी लोथान या अभ्यासकांनी या जुळणीवर आक्षेप घेतले आहेत आणि ते ऐकायलाच हवेत. एका आयुष्यावरून नियम निघत नाही. शिवाय १९४८ नंतर ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ या कल्पनेने कितीतरी निरपराध आयांना आरोपी केले, तेही विसरता येत नाही. पण २०१२ मध्ये ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात बालपणी छळ, उपेक्षा, दादागिरी वा पालकाचा मृत्यू असे आघात सोसलेल्यांमध्ये सायकोसिसची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली. आघात सोसलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही तितकेच खरे. तरीही, भ्रमाच्या मजकुरात माणसाचे चरित्र शोधण्याचा नीडरलँड यांचा आग्रह मला फ्रॉइडच्या निदानापेक्षा अधिक न्याय्य वाटतो.

श्रेबर आपल्या छळाला ‘आत्म्याचा खून’ म्हणतो. तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी, या खुनाशी संबंध असू शकेल अशा आपल्या कुटुंबीयांबाबतच्या काही घटना सांगतो, असे तो लिहितो. त्यापुढे छापील पुस्तकात एवढीच नोंद आहे, की उरलेला मजकूर प्रसिद्धीस अयोग्य म्हणून गाळला आहे.