पाण्याच्या काठाने : परभणी जिल्ह्यातील यात्रा आणि सहलींचा इतिहास

परभणी जिल्ह्यात पाहण्याजोगे जे जुने आहे, ते बहुतेक पाण्याच्या काठी आहे. समुद्रकिनारा इथून शेकडो मैल दूर आणि थंड हवेचे ठिकाणही जवळ नाही. सपाट काळी जमीन, ज्वारी-कापसाची शेते आणि त्यांतून वाहणाऱ्या गोदावरी, पूर्णा व दुधना या तीन नद्या, असा हा मुलूख आहे. गोदावरी पाथरी तालुक्याकडून जिल्ह्यात येते आणि सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी पूर्वेकडे जाते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा जिंतूरवरून खाली उतरते, वाटेत दुधनेला पोटात घेते आणि कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. घर सोडून चार दिवस बाहेर पडायचे, स्नान करायचे, देव पाहायचा, जत्रेत फिरायचे आणि परत यायचे, ही रीत या नद्यांच्या काठीच रुजली. आजच्या भाषेत ज्याला पर्यटन म्हणतात, त्याचे मूळ या जिल्ह्यात तीर्थस्नानात आहे.

गोदावरीच्या दोन्ही काठांवरील तीर्थांची यादी करण्याची परंपरा फार जुनी आहे. ब्रह्मपुराणातील गौतमी माहात्म्य हा भाग शंभरांहून अधिक अध्यायांचा आहे. त्र्यंबकापासून समुद्रापर्यंत नदी जिथे जिथे पवित्र मानली गेली, त्या जागांच्या कथा त्यात ओळीने येतात. पुढे महानुभाव पंथाने स्थानपोथी रचली. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले त्या जागा, तिथली देवळे, त्यांच्या दिशा आणि वाटा या पोथीत नोंदवल्या आहेत. मराठीतील स्थळवर्णनाचा इतका काटेकोर नमुना त्या काळात दुसरा सापडत नाही. भाविकाला जागा अचूक सापडावी, हा तिचा हेतू होता.

युरोपातील उदाहरण शेजारी ठेवले की या रीतीचे वेगळेपण लक्षात येते. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचे रिमिनी हे शहर रोमन काळापासूनचे आहे. ऑगस्टसची कमान आणि टायबेरियसचा पूल तिथे दोन हजार वर्षे उभे आहेत. पण तिथे समुद्रस्नानासाठी पाहुणे येऊ लागले ते 1843 मध्ये पहिले स्नानगृह उघडल्यावर, आणि तेही मुख्यतः वैद्यांच्या सल्ल्याने. तिथे शहर आधी होते आणि स्नान मागून आले. गोदाकाठी बहुतेक ठिकाणी स्नान आधी होते. घाट, देऊळ, बाजार आणि वस्ती त्या स्नानाभोवती वाढत गेली.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गंगाखेड. गोदावरीच्या दक्षिण काठावरचे हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. संक्रांत, महाशिवरात्र, सोमवती अमावास्या अशा पर्वांना आसपासच्या तालुक्यांतून माणसे इथे लोटतात. अधिक महिन्यात तर गर्दीला खळ नसतो. लेक-जावयाला धोंड्याचे वाण द्यायचे, अनारसे-बत्तासे तेहतीसच्या हिशेबाने मोजायचे आणि संध्याकाळी पानाच्या द्रोणात दिवा ठेवून तो प्रवाहात सोडायचा, ही रीत मराठवाड्यात घरोघरी पाळली जाते. अस्थिविसर्जन आणि पिंडदानासाठीही परभणी जिल्ह्याबाहेरची कुटुंबे गंगाखेडला येतात. त्यामुळे एकाच घाटावर सकाळी शोक करणारे आणि सण करणारे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. त्यात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

गंगाखेड संत जनाबाईंचे जन्मगाव आहे. दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी, दामाशेटींच्या आश्रयाला गेली आणि तिथेच तिचे आयुष्य गेले. दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे या कामांतून तिने विठ्ठलाशी जे बोलणे केले, ते अभंगरूपाने सात शतके टिकले आहे. गावात तिचे मंदिर आहे. जन्माने गंगाखेडची आणि कर्माने पंढरपूरची, अशी तिची ओळख असल्यामुळे वारकऱ्यांच्या मनात ही दोन गावे जोडलेली आहेत. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही याच वाटेने येते. औंढा नागनाथ, जवळा बाजार, त्रिधारा, परभणी, दैठणा असे मुक्काम करत ती गंगाखेडला गोदावरी ओलांडते आणि परळीकडे वळते.

या वाटेला आणखी एक अर्थ आहे. उत्तरेला औंढा नागनाथ आणि दक्षिणेला परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगे मराठवाड्यात एकमेकांपासून फार दूर नाहीत. एकाचे दर्शन घेतलेला यात्रेकरू दुसऱ्याकडे निघाला की त्याला मध्ये गोदावरी ओलांडावी लागते. पूल नव्हते तेव्हा उतार शोधून पायी किंवा नावेतून पलीकडे जावे लागे. पावसाळ्यात पाणी ओसरेपर्यंत काठावर मुक्काम पडे. असे मुक्काम घाट-धर्मशाळांना आणि पेठेला पोसत असत. काठावरच्या भोई समाजाची रोजी नदीवर चाले. पावसाळ्यात नाव, हिवाळ्यात मासेमारी आणि उन्हाळ्यात वाळवंटात टरबूज-खरबुजाच्या वाड्या, असे त्यांचे वर्ष ठरलेले असे. उन्हाळ्यात घाटावर गेलेला माणूस या वाड्यांतले टरबूज घेतल्याशिवाय क्वचितच घरी परते.

देवळांकडे पाहिले तर या काठाचे वैभव यादवकाळात आणि त्याच्या थोडे आधी घडले असे दिसते. गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील गुप्तेश्वर मंदिर हा त्यातला सर्वांत मोलाचा ठेवा. गोदाकाठच्या या गावात उंच जोत्यावर उभे असलेले हे दगडी मंदिर, त्याच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी आणि विष्णुमूर्ती पाहिल्या की कारागिराचा हात किती सराईत होता ते कळते. आज गाभाऱ्यात शिवलिंग आहे, पण भिंतींवरची शिल्पे या मंदिराच्या वैष्णव मुळाकडे बोट दाखवतात. शतकानुशतके दुर्लक्ष झाल्याने मंदिराची बरीच पडझड झाली. अलीकडे राज्य पुरातत्त्व विभागाने त्याच्या जतनाचे काम हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे. ते काम फार उशिरा सुरू झाले, हेही तितकेच खरे.

त्याच नदीच्या काठी, बीड जिल्ह्याच्या हद्दीत पुरुषोत्तमपुरी आहे. रामचंद्र यादवाच्या काळातील शके 1232, म्हणजे इ.स. 1310 चा ताम्रपट तिथे सापडला. यादव राज्य मावळतीला लागले असतानाही गोदाकाठी ब्राह्मणांना गाव दान देण्याइतकी व्यवस्था टिकून होती, हे त्यावरून समजते. अधिक महिन्यात तिथल्या पुरुषोत्तमाच्या दर्शनाला परभणी जिल्ह्यातून मोठ्या संख्येने लोक जातात. पाथरी तालुक्यातील मुद्गल येथे तर देऊळ थेट नदीच्या पात्रात आहे. मुद्गलेश्वराचे हे मंदिर दर मोठ्या पुरात पाण्याने वेढले जाते, कधी पुरते बुडते, आणि पूर ओसरला की पुन्हा उघडे पडते. पुराचा एवढा मारा सोसेल असा पाया पात्रात घालणारे लोक नदीला पुरते ओळखून होते.

नदीपासून दूर असलेल्या गावांत पाणी जमिनीखाली शोधावे लागले आणि तिथे बारवा झाल्या. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव म्हणजे मंदिरांचा आणि मंदिरांच्या अवशेषांचा समूह आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, उंच कोरीव स्तंभ आणि पायऱ्यांची देखणी बारव तिथे आहे. सेलू तालुक्यातील वालूरची बारव गोलाकार असून तिच्या पायऱ्या चक्राकार उतरतात. परभणीजवळच्या पिंगळी येथेही मंदिराशेजारी कोरीव बारव आहे. वाटसरूला पाणी, गुरांना पाणी, देवाला पाणी आणि उन्हात बसायला गारवा, हे सगळे एका बांधकामात साधण्याची ही विद्या होती. मराठवाड्यातील स्थापत्याचे खरे कर्तृत्व पाहायचे असेल तर शिखरांइतकेच या खोल उतरणाऱ्या पायऱ्यांकडेही पाहिले पाहिजे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत. नेमिनाथ आणि पार्श्वनाथ यांच्या भव्य मूर्तींसाठी दूरदूरचे जैन यात्रेकरू तिथे येतात. पूर्णाकाठच्या उखळद गावातील नेमिनाथाची मूर्ती पुढे नवागडला नेण्यात आली आणि तेही तीर्थ झाले.

मध्ययुगात या भागाचे राजकीय केंद्र पाथरी होते. निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे इतिहासकार सांगतात. म्हणून हे गाव आपल्या ताब्यात असावे, असा निजामशहांचा हट्ट होता. पाथरी होती मात्र वऱ्हाडच्या इमादशाहीकडे. बुऱ्हाण निजामशहाने 1518 मध्ये पाथरी जिंकली, 1527 मध्ये इमादशहाने ती परत मिळवली आणि बुऱ्हाणने पुन्हा घेतली. पुढे अकबराच्या काळातील आइन-इ-अकबरीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील 18 महालांचे सरकार म्हणून नोंदले आहे. एवढ्या महत्त्वाच्या ठाण्यात आज त्या वैभवाच्या खुणा तुरळकच राहिल्या आहेत.

पायवाटेची आणि बैलगाडीची यात्रा बदलली ती रेल्वेने. निजामाच्या राज्यात सिकंदराबादपासून मनमाडपर्यंतचा हैदराबाद-गोदावरी व्हॅली हा मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला. परभणी, पूर्णा, मानवत रोड, सेलू ही स्थानके त्यावर आली. पूर्णा हे तर मोठे जंक्शन झाले. पूर्वी ज्या यात्रेला आठवडा लागे ती दोन दिवसांत होऊ लागली. पुढे परभणी-परळी मार्गावर गंगाखेडला स्थानक झाले आणि अस्थिकलश घेतलेली माणसे, पर्वणीच्या स्नानाला निघालेल्या म्हाताऱ्या आणि परळीचे यात्रेकरू एकाच डब्यातून येऊ लागले. परभणी शहरातील हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. त्याला हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतील लोकांची मोठी गर्दी होते. खेळणी, पाळणे, मिठाईची दुकाने आणि कव्वाली यांमुळे जिल्ह्यातल्या मुलांना हा उरूस म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी जत्रा वाटतो.

निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 रोजी संपली आणि मराठवाडा 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर पाण्याचीच मांडणी बदलली. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण 1968 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. धरण बांधले ते सिंचनासाठी आणि विजेसाठी, पण समुद्र न पाहिलेल्या पिढ्यांना पाण्याचा एवढा विस्तार पहिल्यांदा तिथे दिसला. शाळांच्या सहली येलदरीला जाऊ लागल्या. देवदर्शनाचे निमित्त नसलेली, निव्वळ पाहण्यासाठी काढलेली सहल या जिल्ह्यात अशी रुळली. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झाले आणि त्याचा विस्तीर्ण परिसरही सहलींच्या यादीत आला. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की शेतात आगटी पेटवून हुरडा भाजायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ ठेवायचा, हा इथला स्वतःचा आनंद. त्याला कोणत्याही स्थळाची गरज नसते.

गोदावरीवर मात्र धरणांचा परिणाम वेगळा झाला. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणीच्या शेतापर्यंत आले, पण नदीचे पात्र पावसाळ्यानंतर कोरडे पडू लागले. घाटावर स्नानाला आलेल्या माणसाला डबक्यात बुडी मारावी लागावी, असे दिवस गंगाखेडने पाहिले. त्यात वाळूचा बेसुमार उपसा झाला, वाड्यांचे वाळवंट खरवडले गेले आणि गावाचे सांडपाणी पात्रात मिसळले. जे गाव पाण्यामुळे क्षेत्र झाले, त्याच्या दृष्टीने हे नुकसान पैशांत मोजता येणारे नाही. पुढे ढालेगाव, मुद्गल, दिग्रस अशा ठिकाणी उच्च पातळीचे बंधारे बांधले गेले आणि पात्रात पुन्हा पाणी थांबू लागले. पण थांबलेले पाणी आणि वाहते पाणी यांत फरक आहे. आणि 2006 च्या ऑगस्टमधल्या महापुराने दाखवून दिले की ही नदी वर्षभर रिकामी दिसली तरी एका पावसाळ्यात काठची घरे गिळू शकते.

याच काळात पाथरीला नवे यात्रेकरू मिळाले. साईबाबांचा जन्म पाथरीत झाला, असे मानणाऱ्या भाविकांनी तिथे मंदिर उभारले आणि 1999 मध्ये ते दर्शनासाठी खुले झाले. जानेवारी 2020 मध्ये पाथरीच्या विकासासाठी शासकीय निधीची घोषणा झाली तेव्हा शिर्डीकरांनी जन्मस्थानाच्या उल्लेखाला आक्षेप घेत गाव बंद ठेवले. वादाचा निर्णय काहीही असो, पाथरीला दक्षिणेकडून येणाऱ्या भाविकांचा ओघ वाढला. त्यांच्यापैकी फार थोडे पुढे दहा-वीस मैलांवरच्या मुद्गलला किंवा धारासूरला जातात. तिथे जाण्यासारखे काही आहे, हे त्यांना सांगणारा साधा फलकही वाटेवर दिसत नाही.

बारवांचे नशीब मात्र गेल्या काही वर्षांत पालटू लागले आहे. वालूरच्या गावकऱ्यांनी गाळाने भरलेली बारव श्रमदानातून मोकळी केली आणि चक्राकार पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. राज्यभर बारवांच्या स्वच्छतेची आणि महाशिवरात्रीला तिथे दिवे लावण्याची चळवळ पसरली. डाक विभागाने महाराष्ट्रातील निवडक बारवांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली, त्यांत परभणी जिल्ह्यातील बारवांनाही स्थान मिळाले. या कामाला मोठा निधी लागला नाही. टोपल्या, फावडी आणि रविवारची सकाळ एवढ्यावर सुरुवात झाली. परभणीहून औंढ्याला किंवा परळीला जाणाऱ्या वाचकाने वाटेत अर्धा दिवस काढून चारठाणा, वालूर किंवा धारासूर यांपैकी एक तरी ठिकाण पाहावे, आणि गंगाखेडच्या घाटावर गेल्यास निर्माल्य व प्लास्टिक नदीत न टाकता परत आणावे.